कटू सत्य आणि आपण : ताराबाई शिंदे यांचा धडा



समाजात दोष आहेत, हे आपण सारेच मान्य करतो. परंतु त्या दोषांत आपल्या घराचा वाटा किती, असे कोणी विचारले की सभा शांत होते. सत्य कडू लागते ते नेमके येथेच. दुःख आहे हे आधी मान्य केल्याशिवाय त्याचे कारण सापडत नाही, ही भगवान बुद्धांची शिकवण आपण जाणतो. त्या दृष्टीने आपल्याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे.

१८८१ साली सुरतेच्या न्यायालयाने विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला स्वतःच्या नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा दिली. पुढे ती शिक्षा सौम्य झाली. मात्र त्या निमित्ताने वृत्तपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीवरच दोषारोप होऊ लागले. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालीच झाला होता, पण रूढी सुटली नव्हती. विधुराला दुसरे लग्न मोकळे आणि विधवेला जन्मभर कोंडवाडा, हा अन्याय कायम होता.

ताराबाईंनी तो १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ या पुस्तकात उघडपणे मांडला. जे दुर्गुण स्त्रियांच्या माथी मारले जातात, ते पुरुषांत नाहीत काय, असा त्यांचा सरळ सवाल होता. वऱ्हाडातील एका स्त्रीने असे लिहावे, हे त्या काळी मोठे धाडस होते.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. ताराबाईंचे वडील बापूजी हरि शिंदे सत्यशोधक समाजाचे सभासद होते. तरीही पुस्तकावर टीका झाली, आणि टीकाकारांत सत्यशोधक मंडळीही होती. महात्मा जोतीराव फुले यांनी मात्र १८८५ साली ‘सत्सार’मधून ताराबाईंची बाजू घेतली. दुसऱ्याविषयीचे सत्य ऐकायला सारे तयार असतात. स्वतःविषयीचे सत्य सुधारकांनाही झोंबते. ताराबाईंचे पुस्तक पुढे विस्मृतीत गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले.

आता आजचे सत्य पाहू. बुलढाणा जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे २००१ च्या जनगणनेत ९०८ मुली होत्या. २०११ मध्ये त्या ८५५ उरल्या. गर्भलिंग निदानाला बंदी घालणारा कायदा १९९४ सालीच झाला होता. म्हणजे कायदा होता, पण मुलगाच हवा ही इच्छा घराघरांत कायम होती. ताराबाईंच्या जिल्ह्यातच हे घडले.

म्हणून पुढील प्रश्नांवर प्रत्येक कुटुंबाने एकत्र बसून चर्चा करावी :

१) आपल्या घरी मुलीच्या जन्माचे पेढे वाटले गेले काय?
२) लग्न ठरवताना देण्याघेण्याची बोलणी कोणत्या नावाने होतात?
३) घरातील विधवा भगिनीला मंगल प्रसंगी पुढे बोलावतो की मागे बसवतो?

उत्तरे देताना घरातील स्त्रियांना आधी बोलू द्यावे. इतरांनी मध्ये न बोलता ऐकावे. ताराबाईंना खरी आदरांजली हीच ठरेल.