अहाब राजा नमला, पण नाबोथच्या मळ्याचं काय?



'गर्वाचे घर खाली' ही म्हण आपण मुलांना लहानपणीच शिकवतो. गर्विष्ठ पडतो, नम्र तरतो, संपला धडा! हिब्रू धर्मग्रंथातली अहाब राजाची गोष्ट मात्र इतकी सरळ नाही. म्हणूनच ती आठवी-नववीच्या मुलांपुढे ठेवावी असं मला वाटतं. 'राजे' ग्रंथाच्या पहिल्या भागात, २१व्या अध्यायात ती येते.

अहाब हा इ.स.पूर्व नवव्या शतकातला, इस्राएलच्या उत्तरेकडील राज्याचा राजा. इज्रेल इथे त्याच्या वाड्याला लागूनच नाबोथचा द्राक्षमळा होता. राजाला तिथे भाजीपाला लावायचा होता. बदल्यात याहून चांगला मळा किंवा रोख किंमत द्यायला तो तयार होता. नाबोथ नाही म्हणाला. जमीन वाडवडिलांची होती. शिवाय जमीन देवाची आहे, ती कायमची विकू नये, असा नियम 'लेवीय' ग्रंथाच्या २५व्या अध्यायात आहे. तेव्हा हा नुसता हट्ट नव्हता.

मग राजा काय करतो? रुसून, तोंड फिरवून पलंगावर पडतो, जेवतही नाही. (मुलं इथे हसली तर हसू द्या.) राणी ईजबेल राजाच्या नावाने, त्याच्या शिक्क्याची पत्रं धाडते. गावात उपास जाहीर होतो, दोन खोटे साक्षीदार उभे केले जातात. देवाची आणि राजाची निंदा केल्याचा आरोप ठेवून नाबोथला दगडांनी ठार मारतात. जरा पाहा, इथला गर्व छाती काढून मिरवत नाही. पत्र, शिक्का, साक्षीदार, सगळं कसं कायदेशीर!

राजा मळ्याचा ताबा घ्यायला जातो, तिथे एलीया संदेष्टा त्याला गाठतो आणि घराण्याच्या नाशाची शिक्षा सुनावतो. अहाब कपडे फाडतो, गोणपाट नेसतो, उपास करतो. आणि देव त्याची दखल घेतो! तो नमला, म्हणून घराण्यावरचं संकट त्याच्या हयातीत न येता मुलाच्या काळात येईल, असं ठरतं. अहाब स्वतः पुढच्याच अध्यायात लढाईत मरतो. पुढे त्याचा मुलगा योराम येहूच्या बाणाने मरतो आणि त्याचं प्रेत नाबोथच्याच शेतात टाकलं जातं.

इथे एखादा चुणचुणीत मुलगा विचारणारच, "सर, बापाच्या गुन्ह्याची शिक्षा मुलाला का?" उत्तराची घाई करू नका. यहेज्केलच्या ग्रंथात, १८व्या अध्यायात, मुलाने बापाच्या पापाचा भार वाहायचा नाही असं स्पष्ट म्हटलंय. दोन्ही विचार एकाच ग्रंथसंग्रहात आहेत. त्यांची ओढूनताणून सांगड घालण्यापेक्षा दोन्ही उतारे वर्गात वाचावेत, हे मला जास्त प्रामाणिक वाटतं.

आणखी एक. अहाबाने मळा परत केला असा एक शब्दही त्या गोष्टीत नाही. परत करणार तरी कुणाला? 'राजे'च्या दुसऱ्या भागात, ९व्या अध्यायात, नाबोथच्या मुलांचंही रक्त सांडल्याचा उल्लेख येतो. तेव्हा अहाबाच्या नम्रतेला दहापैकी किती गुण द्यायचे ते मुलांनाच ठरवू द्या, आणि ठरवताना तो मळा शेवटी कुणाच्या ताब्यात राहिला हेही त्यांना विचारा.