कळंबच्या चिंतामणीची कथा आणि संकटातील श्रद्धा

यवतमाळ जिल्ह्यातील कळंब येथील चिंतामणीचे मंदिर भूपातळीखाली असून दर्शनासाठी पायऱ्या उतराव्या लागतात. गणेशपुराणातील कदंबपूर ते हेच, अशी परंपरा आहे. गौतमाच्या शापाने विद्रूप झालेला इंद्र (अपराध अर्थातच त्याचा) येथे कदंबवृक्षाखाली षडक्षर मंत्राचा जप करतो. गणेशकृपेने शाप समूळ टळत नाही. अंगावरील चिन्हांचे नेत्र होतात व इंद्र सहस्राक्ष ठरतो. अशा श्रद्धेला भाबडी म्हणणे अवघड आहे. अभिषेकासाठी त्याला गंगेचे पाणी आणावे लागते. पर्जन्याचा अधिपतीच पाण्यासाठी याचक! कोरडवाहू कापसाच्या या मुलखात, कुंडाचे पाणी चढून देवाच्या चरणांना लागण्याची वाट पाहणाऱ्या भाविकांना हा इंद्र परका वाटत नसावा.