‘अल्युम्नी’ की ‘अल्युम्नस’?

“मी या शाळेचा अल्युम्नी आहे,” असे आपण सहज म्हणतो. परंतु ‘अल्युम्नी’ हे अनेकवचन आहे. एक विद्यार्थी तो ‘अल्युम्नस’, एक विद्यार्थिनी ती ‘अल्युम्ना’ आणि आपण सर्व मिळून ‘अल्युम्नी’. मराठीत ‘विद्यार्थी’ हे रूप दोन्ही वचनांत सारखेच राहते. त्यामुळे आपली ही चूक होत असावी.

लॅटिन भाषेतील ‘पोसणे, वाढविणे’ या अर्थाच्या धातूपासून हा शब्द आला असून ‘पोसलेले मूल’ हा त्याचा मूळ अर्थ होय. ‘माजी’ या शब्दात तो अर्थ येत नाही. वसतिगृहाच्या पंगतीत जेवून वाढलेल्या आपणांस मात्र तो तंतोतंत लागू पडतो. म्हणून एकट्याविषयी लिहिताना योग्य रूप योजावे आणि पोसणाऱ्या हातांचे स्मरण ठेवावे.