पाण्याची वाट व पायांची वाट

अमेरिकेंतील न्यूयॉर्क राज्यांत ॲडिरॉन्डॅक नांवाचें डोंगराळ अरण्य असून १८९२ सालीं त्यास उद्यानाचें स्वरूप देण्यांत आलें. तेथील प्रवासी एका सरोवरांतून दुसऱ्यांत जातांना आपली हलकी होडी खांद्यावर घेऊन मधली रानवाट तुडवितात. विद्यार्थिमित्रांनो, पाण्याची वाट सरते तेथें पायांची वाट सुरू होते, हा नियम आपल्या पेण-रोह्यासहि लागू आहे. पूर्वीं भरतीच्या पाण्यावर पेणेजवळ अंतोरे बंदरापर्यंत व कुंडलिकेच्या खाडीनें रोह्यापर्यंत मचवे येत. तेथें माल उतरे आणि पुढें बैलांच्या पाठीवर घाट चढे. आपल्याकडे होडी मागें राही, ओझें तेवढें पुढें जाई.

रानवाट कशी असते हें पाहावयाचें असल्यास रोह्याजवळील अवचितगडावर जावें. मेढें व पिंगळसई या गांवांकडून निघणाऱ्या वाटा दाट झाडींतून चढतात. गडावर बारा कोनांचा तलाव असून बुरुजावर शके १७१८ चा, म्हणजे इ. स. १७९६ चा, शिलालेख आहे. माथ्यावरून कुंडलिकेचें पात्र सुरेख दिसतें. परंतु झाडींत ढोरवाट व गडाची वाट सारखीच भासते. म्हणून गांवांतील वाटाड्या सोबत घ्यावा, आणि प्रत्येक फांट्याशीं मागें वळून खूण पाहून ठेवावी. कारण परततांना तीच वाट निराळी दिसते.

आतां नदीविषयीं. मुळशी धरणाचें पाणी मूळचें पूर्ववाहिनी मुळा नदीचें. तें नळांनीं सह्याद्रीखालीं भिरा येथील वीजगृहांत उतरवितात. हें वीजगृह १९२७ सालीं सुरू झालें. त्या धरणापायीं गांवें बुडालीं, आणि त्याविरुद्ध १९२१ पासून मावळच्या शेतकऱ्यांनीं सत्याग्रह केला, हेंहि आपण विसरूं नये. वीज निघाल्यावर तें पाणी कुंडलिकेंत सोडतात. म्हणूनच कोलाडाजवळ भर उन्हाळ्यांतहि रबरी तराफे चालतात.

पण धोका यांतच आहे. इतर नद्यांचा पूर आभाळ पाहून ओळखतां येतो. हिचा येत नाहीं. आकाश निरभ्र असतां, आपण कोरड्या खडकावर उभे असतां, पाणी चढूं लागतें. यास्तव पाणी सुटण्याची वेळ गांवकऱ्यांस विचारल्यावांचून पात्रांत पाऊल घालूं नये. पालकांसहि आमची विनंती आहे कीं, मुलांस सहलीस अवश्य धाडावें. मात्र निघण्यापूर्वीं एवढा पाठ त्यांच्याकडून म्हणवून घ्यावा.