न्यूमोनिया : घरी उपचार की रुग्णालय?

घरातील वृद्ध व्यक्तीस न्यूमोनिया झाल्याचे कळताच कुटुंबात सहसा दोन मते पडतात. एकास वाटते, तत्काळ रुग्णालय गाठावे. दुसऱ्यास वाटते, गोळ्या घेऊन घरीच विश्रांती घ्यावी. अंतिम निर्णय अर्थातच डॉक्टरांचा. परंतु तो कशाच्या आधारे घेतला जातो, हे कुटुंबीयांनीही जाणून घेणे हिताचे आहे.

२००३ साली ब्रिटन, न्यूझीलंड व नेदरलँड्समधील हजाराहून अधिक रुग्णांच्या अभ्यासातून ‘कर्ब-६५’ ही गुणपद्धती प्रसिद्ध झाली. मानसिक गोंधळ, रक्तातील वाढलेला युरिया, मिनिटास ३० वा अधिक श्वास, रक्तदाब (वरचा ९० हून कमी किंवा खालचा ६० वा त्याखाली) आणि वय ६५ वा अधिक, या प्रत्येकास एक गुण. शून्य किंवा एक गुण असता घरी उपचार बहुधा शक्य असतात. दोन असता रुग्णालयाचा विचार करावा लागतो. तीन वा अधिक असता विलंब परवडत नाही. युरियाची मूळ मर्यादा ७ मिलिमोल आहे. आपल्याकडील अहवालांत आकडे मिलिग्रॅममध्ये असतात : युरिया सुमारे ४२, आणि ‘बीयूएन’ छापले असल्यास सुमारे २०. या दोहोंत गल्लत करू नये.

पाचांपैकी मानसिक गोंधळ हे लक्षण घरच्यांवाचून ओळखणे कठीण. त्यासाठी रुग्णास वार, तारीख, ठिकाण विचारतात. आता कल्पना करा, मुलाच्या बदलीमुळे सातारा-सांगलीकडून बंगळूरला आलेल्या आजींना हे प्रश्न कन्नड वा इंग्रजीत विचारले गेले! उत्तर न आल्यास तो आजाराचा परिणाम की भाषेची अडचण? अशा वेळी घरच्यांनी मराठीतून प्रश्न विचारावेत आणि ‘काल त्या नीट बोलत होत्या, आज नातवाचे नाव आठवत नाही’ असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. वृद्धांमध्ये कधी कधी ताप फारसा नसतो आणि हा बदलच प्रथम दिसतो.

गुण कमी म्हणजे धोका नाही, असे मात्र नव्हे. तिशीतील रुग्णाचा गुण शून्य असूनही प्राणवायूचे प्रमाण घटलेले असू शकते. बोटावरील ऑक्सिमीटरवर ते ९२ टक्क्यांखाली गेल्यास घरी थांबू नये. गोळी पोटात टिकत नसल्यास, किंवा मुलगा-सून दिवसभर कामावर व रात्री जवळ कोणी नाही अशी स्थिती असल्यासही रुग्णालयच बरे. विम्याची रक्कम मिळावी म्हणून दाखल होणे मात्र अनुचित. रुग्णालयातही नवा संसर्ग जडू शकतो.

घरचे उपचार दुय्यम नसतात, हे गडचिरोलीने दाखविले. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८८ पासून गावातील प्रशिक्षित कार्यकर्त्यांकरवी बालकांचे श्वास मोजून गावातच प्रतिजैविके दिली. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील न्यूमोनियाचे बालमृत्यू तुलनेसाठी निवडलेल्या भागाच्या निम्म्याहूनही कमी होते. बालकांचे निकष वेगळे : दोन महिन्यांखाली मिनिटास ६०, वर्षापर्यंत ५० आणि पाच वर्षांपर्यंत ४० वा अधिक श्वास म्हणजे जलद. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असल्यास लगेच डॉक्टरांकडे न्यावे.

घरी राहिलेल्या रुग्णास ४८ तासांत पुन्हा तपासून घ्यावे. श्वास पूर्ण मिनिट, घड्याळ समोर ठेवून आणि रुग्णाच्या नकळत मोजावा. त्यास कळले की गती बदलते. ताप साधारण आठवड्यात उतरतो, खोकला सहा आठवडेही रेंगाळतो. मध्येच धाप वाढली, ओठ निळसर झाले किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर रात्र असली तरी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.