पिलाचा रंग व त्याचा वारसा

ऱ्होड आयलंड रेड जातीचा तांबूस-तपकिरी कोंबडा व लाइट ससेक्स जातीची पांढरी कोंबडी यांच्या संकरातील तपकिरी छटेची पिले माद्या, तर फिकट पिवळी पिले नर असतात. पक्ष्यांमध्ये नराजवळ दोन 'झेड' गुणसूत्रे असतात. मादीजवळ एक 'झेड' व एक 'डब्ल्यू' असते. सोनेरी वा रुपेरी रंगाचे जनुक 'झेड'वर वसते. मादी-पिलास ते केवळ पित्याकडून लाभते, म्हणून ते तपकिरी होते. नर-पिलास ते उभयतांकडून मिळते. परंतु मातेचे रुपेरी जनुक प्रभावी असल्याने पित्याचा सोनेरी रंग झाकला जातो. तो नष्ट मात्र होत नाही.

याच भावंडांपासून पुढील पैदास केल्यास साधारणतः निम्मी पिले तपकिरी निघतात. पण त्यांत नर व माद्या सारख्याच असतात. केवळ रंग पाहून त्या पिलांना माद्या समजणाऱ्या शेतकऱ्याचा अंड्यांचा हिशेब चुकतो.

शिक्षकांनी सातवीच्या वर्गात दोन्ही पिढ्यांचे कोष्टक फळ्यावर मांडावे. कोंबडा ससेक्स व कोंबडी ऱ्होड आयलंड घेतल्यास सर्व पिले रुपेरी का होतील, याचे उत्तर विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्यावे.