रक्ताचा कागद

आमची बरीच नोकरी गडचिरोलीच्या बाजूला झाली. तिथल्या शाळेत एक मुलगी होती. अंगाने किडकिडीत, डोळे पिवळट. पावसाळा लागला, थंडी पडली, की हातपाय धरून रडायची. आठ आठ दिवस शाळेत यायची नाही. आम्ही तिला साऱ्या वर्गासमोर आळशी म्हणालो. ती आळशी नव्हती. तिला सिकलसेलचा आजार होता. हे आम्हाला फार उशिरा कळले.

सिकल म्हणजे विळा. आपल्या रक्तात तांबड्या पेशी असतात. चांगली पेशी वाटोळी व मऊ असते. बारीक शिरेतून ती सहज जाते. या आजारात पेशी विळ्यासारखी वाकडी आणि ताठ होते. ती शिरेत अडकते. पाटात काटक्या अडकल्या म्हणजे पाणी तुंबते, तसे रक्त तुंबते. मग हाडे, सांधे ठणकतात. अशा पेशी लवकर मरतात, म्हणून अंगात रक्तही कमी पडते. आपल्या देशात १९५२ साली निलगिरीच्या डोंगरात हा दोष प्रथम सापडला. विदर्भात आणि नंदुरबारकडे तो पुष्कळ घरांत आहे.

हा आजार शिवल्याने होत नाही, उष्टे खाल्ल्याने होत नाही. करणीने तर नाहीच नाही. तो आईबापांकडून येतो. दोघांकडूनही, बरे का!

घरी करून पाहा. आईच्या मुठीत एक हरभरा आणि एक चिंचोका द्या. बापाच्या मुठीतही तसेच. चिंचोका म्हणजे दोष. दोघांनी न बघता एकेक दाणा बाळाला द्यावा. दोन हरभरे आले तर बाळ निरोगी. एक हरभरा, एक चिंचोका आला तर बाळ वाहक. म्हणजे दोष अंगात आहे, पण आजार नाही. दोन चिंचोके आले तर बाळ आजारी. चारांत एक वाट निरोगी, दोन वाहक, एक आजारी. कोणी म्हणतात, पहिले मूल आजारी निघाले, आता पुढची तीन सुटली. हा हिशेब साफ चूक आहे. दर बाळंतपणाला मुठी नव्याने भरतात.

त्या मुलीचे पुढे लग्न झाले. तिला दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात दुखणे उठले. सासू आमच्याकडे आली. म्हणाली, "गुरुजी, आमच्या घरी असलं काही नाही जी. हे तिनं माहेरून आणलं."

आम्ही म्हणालो, "बाई, तुमच्या मुलाचं रक्त कधी तपासलं?"

सासू गप्प बसली. तपासले नव्हतेच. अहो, वाहक माणूस नांगर धरतो, कुस्ती खेळतो. त्याला दोष आहे हे तोंडावरून कसे कळणार?

दोघे नवराबायको दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी सांगितले ते असे. पाणी भरपूर प्यावे. थंडीवाऱ्यात, उन्हात राबू नये. फॉलिक ॲसिडची गोळी रोज घ्यावी. लोहाच्या गोळ्या रक्त तपासून सांगतील तेवढ्याच. हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या चालू असतील, तर मूल हवे असे ठरवतानाच डॉक्टरांना विचारावे. आधीच दिवस राहिले असतील तर लगेच सांगावे. ताप, छातीत दुखणे, दम लागणे, बाळाची हालचाल कमी वाटणे, यातले एकही झाले तरी उजाडायची वाट पाहू नये. बाळंतपण मोठ्या दवाखान्यातच करावे. तिथे रक्ताची सोय असते. बाळंत झाल्यावरही दुखणे उठू शकते, तेव्हा घरी जायची घाई नको.

आईबाप दोघेही वाहक असले, तर पोटातल्या बाळाचीही तपासणी होते. अकराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा कण घेतात, किंवा पुढे गर्भजल घेतात. ही सोय मोठ्या शहरात असते, म्हणून पहिल्या दोन महिन्यांतच नाव नोंदवावे. पुढे काय करायचे ते त्या दोघांनी ठरवावे. त्यात सासूने किंवा शेजारणीने पडू नये. आम्हीही पडत नाही.

आता कागद कसा वाचायचा ते शिका. त्यावर दोन इंग्रजी अक्षरे असतात. एए म्हणजे निरोगी. एएस म्हणजे वाहक. एसएस म्हणजे आजारी. लग्न ठरवताना पत्रिका पाहता, तसे हे दोन कागदही शेजारी ठेवून पाहावे. सरकारने १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून सिकलसेलची मोठी मोहीम सुरू केली. जवळच्या आरोग्य केंद्रात तपासणीची चौकशी करा.

त्या मुलीचा कागद एसएस होता. नवऱ्याचा एए आला. म्हणजे तिच्या मुठीत दोन्ही चिंचोके, त्याच्या मुठीत दोन्ही हरभरे. मुले वाहक होणार, आजारी एकही नाही. तिला दोनदा रक्त चढवावे लागले. नवव्या महिन्यात जिल्ह्याच्या दवाखान्यात मुलगी झाली. बाळाचा कागद घेऊन सासू आमच्या ओट्यावर आली आणि बोट ठेवून वाचू लागली, "ए... एस."